स्वीडनची संसदीय निवडणूक २०२२ : काठावरचा निकाल आणि त्यामागचे नियम

उत्तरध्रुव | ११ सप्टेंबर २०२२, रात्री १०:१०

आज स्वीडनमध्ये रिक्सदाग या राष्ट्रीय संसदेसाठी मतदान सुरू आहे. मतदान केंद्रे तेथील घड्याळानुसार रात्री आठला, म्हणजे भारतात साडेअकराला बंद होतील आणि मतमोजणी लगेच सुरू होईल. गेली काही वर्षे स्टॉकहोममध्ये राहून हे राजकारण जवळून पाहत असल्यामुळे, मोजणी पूर्ण होईपर्यंत आणि शक्य झाल्यास सरकार स्थापन होईपर्यंत या धाग्यावर टिपणे लिहिण्याचा विचार आहे.

रिक्सदागच्या जागा ३४९ आहेत, त्यामुळे बहुमताचा आकडा १७५ होतो. संसदेत आठ पक्ष असून सध्या ते चार-चार असे दोन बाजूंना विभागले गेले आहेत. एका (डाव्या) बाजूला पंतप्रधान मॅग्डालेना अँडरसन यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, डावा पक्ष, सेंटर पक्ष आणि हरित पक्ष आहेत. दुसऱ्या (उजव्या) बाजूला उल्फ क्रिस्टर्सन यांचा मॉडरेट पक्ष, ख्रिश्चन डेमोक्रॅट्स, लिबरल पक्ष आणि जिमी ओकेसन यांचा स्वीडन डेमोक्रॅट्स हा पक्ष आहे. ही विभागणी जुनी नाही. २०१८ च्या निवडणुकीत तीन गट होते आणि त्यांच्या जागा १४४, १४३ आणि ६२ अशा होत्या. त्यांपैकी ६२ जागा एकट्या स्वीडन डेमोक्रॅट्सच्या होत्या आणि त्यांच्याशी कोणीही सहकार्य करायचे नाही असा उरलेल्या सात पक्षांचा संकेत होता. त्या कोंडीमुळे सरकार बनायला जानेवारी २०१९ उजाडला. डिसेंबर २०१९ मध्ये क्रिस्टर्सन यांनी ओकेसन यांची भेट घेतली आणि तेव्हापासून तो संकेत मोडत गेला. सेंटर पक्षाच्या नेत्या अ‍ॅनी लोफ यांना हे मान्य झाले नाही, म्हणून उजव्या बाजूच्या जुन्या आघाडीतला हा पक्ष आज अँडरसन यांच्या बाजूला उभा आहे.

प्रचारात टोळीयुद्धातले गोळीबार, विजेचे भडकलेले दर आणि स्थलांतरितांचे सामाजिक एकीकरण हे विषय प्रामुख्याने होते. युक्रेनवरील आक्रमणानंतर मे महिन्यात स्वीडनने नाटो सदस्यत्वासाठी अर्ज केला. दोनशे वर्षांच्या अलिप्ततेनंतरचा हा निर्णय मोठा होता, परंतु दोन्ही प्रमुख पक्ष त्याच्या बाजूने असल्यामुळे प्रचारात त्यावर फारसा वाद झाला नाही.

मुळामुठा | ११ सप्टेंबर २०२२, रात्री १०:४०

धाग्याबद्दल आभार. पुण्यातील आमच्या पिढीला स्वीडनची ओळख दापोडी-चिंचवड भागातल्या स्वीडिश कारखान्यांमुळे झाली. तेथील राजकारण मात्र कधी नीट समजून घेतले नव्हते. एक शंका आहे. बहुमत १७५ चे असेल आणि अँडरसन यांच्या पक्षाकडे केवळ शंभर जागा असतील, तर त्या आजवर पंतप्रधानपदी कशा राहू शकल्या?

उत्तरध्रुव | ११ सप्टेंबर २०२२, रात्री ११:०५

मुळामुठा, आजची रात्र समजून घेण्यासाठी हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वीडनमध्ये पंतप्रधानाला आपल्या बाजूने बहुमत दाखवावे लागत नाही. त्याच्या विरोधात बहुमत नसले म्हणजे पुरे. सभापती उमेदवाराचे नाव मांडतात आणि १७५ सदस्यांनी विरोधी मत दिले तरच ते नाव फेटाळले जाते. तटस्थ राहणारा सदस्य त्यामुळे प्रत्यक्षात उमेदवाराला मदतच करतो.

गेल्या वर्षी २४ नोव्हेंबरला अँडरसन यांच्या नावावर मतदान झाले, तेव्हा बाजूने ११७, विरोधात १७४ आणि तटस्थ ५७ अशी विभागणी होती. विरोधातले आणखी एक मत पडले असते तर त्या स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधान त्या दिवशी झाल्या नसत्या. त्यानंतर काही तासांतच संसदेने विरोधकांचा अर्थसंकल्प मंजूर केला, हरित पक्ष सरकारबाहेर पडला आणि अँडरसन यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी त्या पुन्हा निवडून आल्या, तेव्हा बाजूने केवळ १०१ मते होती आणि विरोधात १७३.

या देशात अल्पमतातील सरकारे वर्षानुवर्षे चालतात ती या नियमामुळे. त्यामुळे आज रात्री कोण जिंकले हे ठरवताना कोणाला किती जागा मिळाल्या याइतकेच, कोण कोणाच्या विरोधात मत देणार नाही, हेही पाहावे लागेल.

गोथेनबर्गकर | ११ सप्टेंबर २०२२, रात्री ११:२०

आज मी मतदान करून आलो, पण संसदेसाठी नाही. येथे एकाच दिवशी तीन निवडणुका होतात आणि तिन्हींच्या मतपत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असतात : संसदेसाठी पिवळी, प्रांतिक परिषदेसाठी निळी आणि नगरपालिकेसाठी पांढरी. पिवळ्या मतपत्रिकेवर केवळ स्वीडिश नागरिकांचा अधिकार आहे. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या आणि सलग तीन वर्षे येथे नोंदणीकृत वास्तव्य असलेल्या माणसाला मात्र निळ्या आणि पांढऱ्या मतपत्रिकेने मत देता येते. स्टॉकहोममधल्या किस्ता भागातील किंवा गोथेनबर्गच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना या अधिकाराची कल्पनाही नसते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. मतदानाचे ओळखपत्र टपालाने आपोआप घरी येते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. शाळा कशा चालतील आणि वृद्धांची काळजी कोण घेईल हे नगरपालिका ठरवते, तर दवाखाने प्रांतिक परिषद चालवते. आपल्या रोजच्या आयुष्याशी संबंधित असलेले हे मत वाया घालवू नये.

येथे मतदान यंत्र नाही. प्रत्येक पक्षाच्या छापील मतपत्रिका आडोशामागे मांडून ठेवलेल्या असतात. त्यांतून आपली मतपत्रिका घ्यायची, हवे असल्यास एखाद्या उमेदवाराच्या नावापुढे खूण करायची, ती पाकिटात घालून पाकीट बंद करायचे आणि ओळख पटवून ते अधिकाऱ्याकडे द्यायचे. आडोसा ही अलीकडची सोय आहे. पूर्वी कोण कोणत्या पक्षाची मतपत्रिका उचलतो हे रांगेतल्या इतरांना दिसत असे. ज्यांनी आधीच ग्रंथालयात किंवा तत्सम ठिकाणी आगाऊ मतदान केले आहे, त्यांनाही आज आपल्या केंद्रावर येऊन नव्याने मत देता येते. तसे केल्यास आधीचे पाकीट बाद होते.

उत्तरध्रुव | ११ सप्टेंबर २०२२, रात्री ११:५०

सार्वजनिक दूरचित्रवाणीची मतदानोत्तर पाहणी जाहीर झाली आहे. तिच्यानुसार अँडरसन यांच्या बाजूला ४९.८ टक्के आणि क्रिस्टर्सन यांच्या बाजूला ४९.२ टक्के मते आहेत. एवढ्या फरकावरून काहीही निश्चित म्हणता येणार नाही, कारण पाहणीतली संभाव्य चूक या फरकाहून मोठी असते. प्रत्यक्ष मतपत्रिकांची मोजणी मतदान केंद्रांवरच लोकांसमोर सुरू झालेली आहे आणि सर्वांत आधी पिवळ्या मतपत्रिका मोजल्या जातात. देशात साडेसहा हजारांच्या आसपास मतदान विभाग असून साधारणपणे लहान गावांचे आकडे आधी येतात आणि मोठ्या शहरांचे नंतर.

अंकगणित | १२ सप्टेंबर २०२२, सकाळी ७:३०

रात्रभर आकडे पाहिले. सुमारे ९५ टक्के मोजणीनंतर उजवी बाजू १७५ आणि डावी बाजू १७४ अशी स्थिती आहे. अँडरसन यांनी पराभव मान्य केलेला नाही आणि क्रिस्टर्सन यांनी विजय जाहीर केलेला नाही. दोघांनीही बुधवारच्या अंतिम मोजणीची वाट पाहण्याचे आवाहन केले आहे. हे वर्तन मला फार मोलाचे वाटले.

भारतातल्या पद्धतीची सवय असलेल्या वाचकांसाठी जागावाटपाची रीत थोडक्यात लिहितो. देशात २९ मतदारसंघ आहेत आणि त्यांत ३१० जागा स्थिर आहेत. उरलेल्या ३९ जागा समतोल साधण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. एखाद्या पक्षाला देशभरातील मतांच्या प्रमाणापेक्षा कमी स्थिर जागा मिळाल्या असतील, तर ती तूट या ३९ जागांतून भरून काढली जाते. त्यामुळे शेवटी प्रत्येक पक्षाच्या जागा त्याच्या राष्ट्रीय मतांच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. आपल्याकडे ३७ टक्के मतांवर संसदेत ५५ टक्के जागा मिळू शकतात. येथे तसे होत नाही.

मात्र या सर्व वाटपाला चार टक्क्यांचा उंबरठा आहे. देशभरात चार टक्के मते, किंवा एखाद्या मतदारसंघात बारा टक्के, यांपैकी काहीच न मिळालेल्या पक्षाला एकही जागा मिळत नाही. या वर्षाच्या सुरुवातीला लिबरल पक्ष जनमत चाचण्यांत या उंबरठ्याच्या बराच खाली होता. एप्रिलमध्ये योहान पेर्सन यांनी नेतृत्व हाती घेतले आणि काल रात्रीच्या आकड्यांनुसार पक्ष साडेचार टक्क्यांच्या पुढे आहे. तो ३.९ टक्क्यांवर थांबला असता तर उजव्या बाजूच्या सोळाएक जागा एकदम नाहीशा झाल्या असत्या आणि आज सकाळी आपण अँडरसन यांच्या स्पष्ट विजयाची चर्चा करत असतो. पाच टक्क्यांच्या जवळ असलेल्या हरित पक्षालाही हेच लागू होते. मोठ्या पक्षाचे काही समर्थक आपल्या बाजूच्या लहान पक्षाला वर उचलण्यासाठी जाणूनबुजून त्याला मत देतात, ही तेथील जुनी आणि उघडपणे चर्चिली जाणारी प्रथा आहे. माझ्या मते काठावरच्या या निकालाचा खरा काठ १७५ जागांचा नसून चार टक्के मतांचा आहे.

रानजाई | १२ सप्टेंबर २०२२, दुपारी १:१५

अंकगणित यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु या निकालातील सर्वांत मोठी घटना एका जागेच्या फरकात नाही असे मला वाटते. स्वीडन डेमोक्रॅट्स हा पक्ष १९८८ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या संस्थापकांत नवनाझी व वर्णवर्चस्ववादी चळवळींशी संबंध असलेले लोक होते. २०१० मध्ये ५.७ टक्के मते घेऊन तो पहिल्यांदा संसदेत आला. २०१४ मध्ये जवळजवळ १३ टक्के, २०१८ मध्ये साडेसतरा टक्के आणि आता वीस टक्क्यांच्या पुढे, असा त्याचा प्रवास आहे. आज तो मॉडरेट पक्षाला मागे टाकून देशातील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला आहे. ओकेसन यांनी २००५ पासून पक्षाची भाषा सौम्य केली आणि उघड वर्णद्वेषी बोलणाऱ्या अनेकांना बाहेर काढले हे खरे, पण पक्षाच्या मागण्यांचा रोख बदललेला नाही.

मी माल्मो शहरात राहते. माझ्या शेजारी सोमाली, इराकी आणि बोस्नियन कुटुंबे आहेत. आपण मराठी लोक येथे बहुधा कामाच्या परवान्यावर येतो, चांगल्या पगारावर असतो आणि त्यामुळे 'हे आपल्याबद्दल नाही' असे मानून स्वस्थ राहतो. माझी मुले ज्या शाळेत जातात त्या शाळेत त्यांची आणि शेजारच्या मुलांची गणना एकाच शब्दाने होते, हे मला रोज दिसते. म्हणून या धाग्यावर केवळ आकडे यावेत आणि हा विषय येऊ नये असे मला वाटत नाही.

उत्तरध्रुव | १२ सप्टेंबर २०२२, रात्री ९:००

रानजाई, आपला मुद्दा या चर्चेच्या बाहेरचा मुळीच नाही आणि तो आपण मांडला याबद्दल मी आभारी आहे. त्यात एक भर घालतो. ज्या वस्त्यांमध्ये परदेशी जन्माचे नागरिक अधिक आहेत, तेथे मतदान मुळातच कमी असते आणि या वेळी ते आणखी घसरले आहे. काही हजार मतांचा फरक निर्णायक ठरणार असेल, तर न आलेला मतदार हाही निकालाचा एक भाग असतो. 'न्यान्स' नावाच्या नव्या पक्षाने मुस्लिम मतदारांना आवाहन केले होते. त्याला देशभरात अर्ध्या टक्क्याहूनही कमी मते मिळाल्यामुळे जागांच्या हिशेबात त्या मतांना स्थान नाही. ती मते एरवी डावीकडे गेली असती असे अनेक जण गृहीत धरतात. मी तसे गृहीत धरणार नाही, कारण त्या मतदारांची तक्रार सोशल डेमोक्रॅटिक सरकारविषयीही होती, विशेषतः समाजसेवा विभागाने मुलांना कुटुंबापासून दूर करण्याच्या प्रकरणांबाबत.

डाव्या बाजूबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिला १७५ जागा मिळाल्या असत्या तरी सरकार सहज बनले नसते. डाव्या पक्षाच्या नूशी दादगोस्तार यांना मंत्रिपदे हवी होती आणि अ‍ॅनी लोफ यांचा त्या पक्षाला सरकारात घेण्यास विरोध होता. म्हणजे एका बाजूला स्वीडन डेमोक्रॅट्सना सोबत घेण्याचा प्रश्न होता आणि दुसऱ्या बाजूला डाव्या पक्षाला.

देवगिरी | १३ सप्टेंबर २०२२, सकाळी १०:४५

एका जागेच्या फरकावरून १९७३ ची आठवण होते. तेव्हा संसदेत ३५० जागा होत्या आणि निकाल बरोबर १७५ विरुद्ध १७५ लागला. तेव्हाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सत्तेवर राहिले, परंतु पुढील तीन वर्षांत शंभराहून अधिक वेळा मते समसमान पडल्याने निर्णय चिठ्ठी टाकून करावा लागला. अनेक प्रश्नांवर पक्षांनी आपसांत तडजोडी करून चिठ्ठीची वेळ टाळली, हेही तितकेच खरे आहे. १९७६ पासून जागा ३४९ केल्या गेल्या, त्या याच कारणासाठी.

मुळामुठा | १३ सप्टेंबर २०२२, दुपारी ४:२०

बुधवारी नेमकी कोणती मते मोजली जाणार आहेत? इतक्या कमी फरकात मोजणी तीन दिवस लांबली, तर आपल्याकडे संशयाचे वातावरण तयार झाले असते.

उत्तरध्रुव | १३ सप्टेंबर २०२२, रात्री ८:३०

बुधवारी मुख्यतः दोन प्रकारची मते मोजली जातात : मतदानाच्या दिवसापर्यंत आपल्या केंद्रावर पोहोचू न शकलेली आगाऊ मते आणि परदेशातील स्वीडिश नागरिकांची मते. परदेशातील मते परंपरेने मॉडरेट पक्षाला अनुकूल असतात, त्यामुळे उद्या उजव्या बाजूची आघाडी वाढण्याची शक्यता अधिक आहे.

संशयाबद्दल बोलायचे तर, रविवारी रात्री केंद्रांवर झालेली मोजणी ही प्राथमिक असते. सोमवारपासून २१ प्रांतांची प्रशासकीय मंडळे प्रत्येक मतपत्रिका पुन्हा मोजतात आणि तीही लोकांसमोर. येथे सर्व मतांची फेरमोजणी नेहमीच होते, म्हणून ती मागण्याची वेळ हरणाऱ्यावर येत नाही. लोक शांतपणे वाट पाहू शकतात याचे कारण मला स्वीडिश स्वभावापेक्षा या व्यवस्थेत अधिक दिसते. या वेळी काही केंद्रांवर लांब रांगा लागल्या आणि दूरचित्रवाणीवर पाहणीचे आकडे आले तेव्हाही काही लोक मत देण्यासाठी उभे होते. ही त्रुटी गंभीर असून तिच्यावर तेथे टीका होत आहे, आणि ती व्हायलाच हवी.

अंकगणित | १४ सप्टेंबर २०२२, रात्री ११:४०

निकाल स्पष्ट झाला आहे : उजवी बाजू १७६, डावी बाजू १७३. मॅग्डालेना अँडरसन यांनी आज संध्याकाळी पराभव मान्य केला असून उद्या त्या राजीनामा देतील. उजव्या बाजूला सुमारे ४९.६ टक्के आणि डाव्या बाजूला सुमारे ४८.९ टक्के मते आहेत. जवळजवळ ६५ लाख वैध मतांमध्ये हा फरक पन्नास हजारांहूनही कमी मतांचा आहे.

उत्तरध्रुव | १८ सप्टेंबर २०२२, सायंकाळी ६:१५

अंतिम आकडे हाती आले आहेत. सोशल डेमोक्रॅट्स ३०.३ टक्के व १०७ जागा, स्वीडन डेमोक्रॅट्स २०.५ टक्के व ७३, मॉडरेट १९.१ टक्के व ६८, डावा पक्ष आणि सेंटर पक्ष प्रत्येकी ६.७ टक्क्यांच्या जवळपास व २४-२४, ख्रिश्चन डेमोक्रॅट्स ५.३ टक्के व १९, हरित पक्ष ५.१ टक्के व १८ आणि लिबरल ४.६ टक्के व १६. मतदान ८४.२ टक्के झाले. २०१८ मध्ये ते ८७.२ टक्के होते.

पराभूत झालेल्या अँडरसन यांच्या पक्षाची मते आणि जागा दोन्ही वाढल्या आहेत. पंतप्रधान होऊ घातलेल्या क्रिस्टर्सन यांच्या पक्षाची मते आणि जागा मात्र घटल्या आहेत. शिवाय राष्ट्रीय पातळीवर उजवीकडे झुकलेल्या या निवडणुकीत स्टॉकहोमची महापालिका मॉडरेट पक्षाच्या हातून डाव्या बाजूकडे गेली आहे. अ‍ॅनी लोफ यांनी पक्षनेतेपद सोडण्याची घोषणा केली आहे. निवडणूक कोण जिंकले या प्रश्नाला एकच उत्तर नसते, याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

गोथेनबर्गकर | १५ ऑक्टोबर २०२२, दुपारी १२:३०

काल चार पक्षांनी करार जाहीर केला. वेस्टेरोसजवळच्या तिडो या वाड्यात वाटाघाटी झाल्यामुळे तो त्याच नावाने ओळखला जात आहे. मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट्स आणि लिबरल सरकारात असतील. स्वीडन डेमोक्रॅट्सना मंत्रिपद नाही, परंतु धोरण आखण्यात त्यांचा वाटा असेल आणि त्यांचे अधिकारी सरकारी कचेरीतून समन्वय साधतील. साठहून अधिक पानांच्या या दस्तऐवजात पुनर्वसनासाठी घेतल्या जाणाऱ्या निर्वासितांची संख्या वर्षाला ९०० पर्यंत खाली आणण्याचे ठरले आहे. नव्या अणुवीज प्रकल्पांची तरतूदही त्यात आहे.

येथील मराठी वाचकांनी दोन कलमे विशेष लक्षपूर्वक वाचावीत. नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट सर्वसाधारणपणे आठ वर्षांपर्यंत वाढवण्याचा आणि कामाच्या परवान्यासाठी किमान पगाराची मर्यादा बरीच वर नेण्याचा प्रस्ताव आहे. संगणक अभियंत्यांना दुसऱ्या अटीची झळ कदाचित लागणार नाही. उपाहारगृहात स्वयंपाकी म्हणून किंवा स्वच्छतेच्या कामावर आलेल्या भारतीयांना ती निश्चित लागेल. रानजाई यांनी गेल्या महिन्यात जे लिहिले होते, ते या कलमांच्या संदर्भात पुन्हा वाचावे अशी विनंती आहे.

रानजाई | १५ ऑक्टोबर २०२२, रात्री ९:५०

दखल घेतल्याबद्दल आभारी आहे. हे प्रस्ताव आहेत, अद्याप कायदे नाहीत. प्रत्येकावर समित्या बसतील आणि हरकती मागवल्या जातील. त्या प्रक्रियेत संघटनांना आणि नागरिकांना लेखी मत देता येते. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाइतक्याच तयारीने हे काम हाती घ्यावे असे मी आमच्या येथील मंडळात सुचवणार आहे.

उत्तरध्रुव | १८ ऑक्टोबर २०२२, रात्री १०:००

काल संसदेने १७६ विरुद्ध १७३ मतांनी उल्फ क्रिस्टर्सन यांची पंतप्रधान म्हणून निवड केली आणि आज त्यांचे मंत्रिमंडळ जाहीर झाले.

कालच्या मतदानात माझे लक्ष लिबरल पक्षाच्या सोळा सदस्यांकडे होते. नाव फेटाळण्यासाठी १७५ विरोधी मते लागतात आणि डाव्या बाजूकडे १७३ होती, म्हणजे सोळांपैकी केवळ दोघांनी विरोधात मत दिले असते तर क्रिस्टर्सन पडले असते. तिडो करारावर पक्षाच्या युवक संघटनेने उघड नाराजी व्यक्त केली होती, तरीही सोळाही जणांनी बाजूने मत दिले. त्याच युवक संघटनेच्या माजी अध्यक्षा रोमिना पौरमोख्तारी, ज्यांनी पूर्वी स्वीडन डेमोक्रॅट्सविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती, आज वयाच्या २६ व्या वर्षी हवामानमंत्री झाल्या आहेत आणि त्यांचे खाते चालवण्यासाठी लागणारी बहुमताची मते स्वीडन डेमोक्रॅट्सच्या ७३ सदस्यांकडूनच येणार आहेत.